यादीतलं एकतिसावं दुकान

३ फेब्रुवारी

महोदय,

विषय : निवृत्ती निधीतील काही भाग प्रत्यक्ष सोन्यात घेण्याबाबत.

मी वजनमापे खात्यातून चौतीस वर्षांच्या नोकरीनंतर ३१ जानेवारी रोजी निवृत्त झाले आहे. निधी कार्यालयाच्या नियमानुसार माझ्या जमा निधीच्या चौथ्या हिश्शापर्यंतचं सोनं बिस्किटांच्या रूपात घेता येतं. हे सोनं घरी नेता येत नाही, कार्यालयाच्या तिजोरीतच राहतं, आणि नोंदणीकृत दुकानातूनच घ्यावं लागतं. अशा दुकानांच्या यादीत आपलं नाव एकतिसाव्या क्रमांकावर आहे. तरी बिस्किटाची शुद्धता, ते तिजोरीपर्यंत कोण आणून देणार आणि वजन कुणासमोर होणार, या तीन गोष्टींचा खुलासा व्हावा, ही विनंती.

इथपर्यंतचं पत्र मी तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा इथपर्यंत ठीक झालं आणि पुढे पेन अडलं. आता अडू दे, मी लिहिते.

यादीतल्या चौथ्या क्रमांकाच्या दुकानातून एका गोडबोल्याचा फोन आला होता. कोणी माझा नंबर दिला देव जाणे. म्हणाला, मावशी, चौथा हिस्सा कशाला, जेवढं बसेल तेवढं उचला, आणि साधी बिस्किटं नका घेऊ, आमची खास नाणी घ्या, जगात फक्त पाचशे आहेत. दर विचारला तर सोन्याच्या दराच्या दीडपट. मी म्हटलं, नाण्यात सोनं किती आणि तुमचं बोलणं किती, ते वेगळं वेगळं सांगा. तो म्हणाला, आज संध्याकाळपर्यंतच ही संधी आहे. मग मी त्याच्या काट्याच्या तपासणी प्रमाणपत्राचा क्रमांक विचारला. फोन कट झाला. ह्यांना सांगितलं तर हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. हे आयुष्यभर दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या आणि सोन्याच्या टोप्या बनवत होते. म्हणतात, "मी तीस वर्षं लोकांच्या तोंडात सोनं घातलं, कुणी मला फोन केला नाही."

सोनंच का, असं निधी कार्यालयातल्या कारकुनानं मला विचारलं. मी सांगितलं, जन्मभर पारड्यात ठेवता येईल अशाच गोष्टींवर विश्वास ठेवला. निधीचा कागद पारड्यात ठेवला तर चार ग्रॅम भरतो, त्यावर आकडा कितीही मोठा असो. उत्तर त्याला आवडलं. मलाही आवडलं.

कळावे,
आपली एक ग्राहक

ता. क. – वहिनीचे गुडघे कसे आहेत? (हा खुलासा ऐच्छिक आहे.)


१६ फेब्रुवारी

दादा,

'महोदय' सोडून दिलं. तुझ्या दुकानानं उत्तर पाठवलं, पण तू नाही.

पाकीट मी ह्यांच्याकडे पाठ करून फोडलं. आत छापील कागदावर दरपत्रक, वर 'माननीय ग्राहक', खाली सही तुझ्या लेकीची. चिमणीची. शेवटची पाहिली तेव्हा चौदा वर्षांची होती, दातांना तार, आणि ती तार ह्यांनीच बनवलेली. आता ती दुकानाची मालकीण म्हणून सही करते. सहीतली रेघ खाली तुझ्यासारखीच ओढते, जशी काही कुणी पेन हिसकावून घेणार आहे.

मी विचारलेल्या तिन्ही गोष्टींची उत्तरं नीट दिली आहेत. पण चौथी गोष्ट मी विचारली नव्हती, ती तिनं लिहिली. लिहिते, निवृत्तीच्या पैशातला चौथा हिस्सा सोन्यात घालणं जास्त होईल. सोनं व्याज देत नाही, भाव वरखाली होतो, तिजोरीचं भाडं दरवर्षी लागतं. आपण दहावा हिस्सा घ्यावा आणि बाकी आहे तिथेच ठेवावं, असं आमचं मत.

गिऱ्हाईकाला कमी घे म्हणणारं दुकान! मी तो कागद ह्यांच्यापुढे ठेवला. ह्यांनी चष्मा लावला, वाचला, काढला, पुन्हा लावला. म्हणाले, ही पोर तुझ्या भावाचीच. मी दहावा हिस्सा घेणार आहे. ते तिला सांग.

आणि त्या कागदाच्या अगदी तळाला, शिक्क्याच्याही खाली, पेन्सिलीनं बारीक अक्षरात – 'आईचा डावा गुडघा बरा, उजवा रुसलेला. बाबा पत्र वाचतात. दोनदा वाचलं.'

दोनदा वाचलंस तर आता हेही वाच.

बारा वर्षं झाली. त्या दिवसाबद्दल मी काही लिहिणार नव्हते. पण न लिहिता पुढचं पत्र कसं लिहायचं तेही कळत नाही. बाजारात त्या महिन्यात सगळ्याच दुकानांची तपासणी होती, हे तुला माहीत आहे. तुझी गल्ली माझ्या सहकाऱ्याच्या वाट्याला होती. मी ती मागून घेतली. लोक म्हणाले, भावाला सांभाळायला घेतली. तुला वाटलं, भावाला बुडवायला घेतली. सकाळी अकराला मी दुकानात आले, प्रमाण वजनं काढली, तुझ्या विक्रीच्या काट्यावर ठेवली. काटा चुकत होता. चुकणारा काटा बंद करून त्यावर कागद चिकटवायचा, हा नियम. मी नियम पाळला. कुणाचाही काटा असता तरी तेच केलं असतं. भाऊ आहे म्हणून वेगळा नियम नसतो.

हे बारा वर्षं मी असंच म्हणत आले. लिहिल्यावरही बरोबरच दिसतंय.

तुझी,
गुंज
(हे नाव अजून चालत असेल तर. नसेल तर 'माननीय ग्राहक'.)


१ मार्च

दादा,

निधी कार्यालयात माझी सही जुळेना. चौतीस वर्षांपूर्वी नोकरीला लागताना केलेली सही आणि आताची सही. कारकून दोन्हीकडे बघतो, माझ्याकडे बघतो. मी म्हटलं, बाबा रे, तेव्हा मी बावन्न किलोची होते, सहीही बारीकच असणार. तो म्हणाला, तशी करून दाखवा. मग मी त्याच्या टेबलाशी बसून माझीच सही गिरवायला लागले. पहिलीतल्या पोरासारखी, जीभ बाहेर काढून. पंधरा-वीस वेळा केली. हे शेजारी उभे राहून सूचना देतात, 'वेलांटी जरा तरुण कर.' रांगेतल्या माणसांनी आपापसात पैजा लावल्या. शेवटी जमली तेव्हा तीन जणांनी टाळ्या वाजवल्या. इतकं कौतुक मला निवृत्तीच्या समारंभातही मिळालं नव्हतं.

तर अर्ज मंजूर झाला. दहावा हिस्सा, पन्नास ग्रॅमची बिस्किटं, तुमच्या दुकानाकडून.

चिमणीचं पक्कं बिल काल आलं. माथ्यावर 'माननीय ग्राहक' खोडून 'आत्या' लिहिलंय. ती एक खाडाखोड बघत मी किती वेळ बसले, ते लिहीत नाही. हे म्हणाले, दूध उतू गेलं. मी म्हटलं, जाऊ दे.

आणि बिलाच्या कडेला तुझं अक्षर. तुझंच, ओळखायला बारा वर्षं लागत नाहीत. एकच ओळ.

'काटा कुठल्या बाजूला चुकत होता, ते लिही.'

सोनारानंच कान टोचावेत म्हणतात. टोचलेस.

लिहिते, दादा. पण आज नाही. आज मला जरा हिंडून येऊ दे.

गुंज


२ मार्च

दादा,

हिंडून आले. नदीवरच्या पुलापर्यंत गेले, दोन फेऱ्या मारल्या, परत आले. ह्यांनी काही विचारलं नाही, फक्त चहा ठेवला.

काटा तुझ्या तोट्याच्या बाजूला चुकत होता.

दहा ग्रॅम दाखवायचा तेव्हा पारड्यात दहा ग्रॅम आणि वर पन्नास मिलिग्रॅम असायचे. म्हणजे तू विकलेल्या प्रत्येक दागिन्यात गिऱ्हाईकाला थोडं सोनं फुकट जात होतं. जुनं सोनं घ्यायचा तुझा काटा वेगळा होता, मागच्या खोलीत. तोही मी तपासला. तो केसाएवढाही चुकत नव्हता. ज्याला चोरी करायची तो स्वतःच्याच खिशातून करत नाही. हे मला त्या दिवशी, त्या क्षणी कळलं होतं.

आणखी लिहिते. आठ दिवस आधी तू आमच्याकडे जेवायला आला होतास. म्हणालास, गुंजे, साठा जुळत नाही, सोनं कुठे गळतंय कळत नाही, कारागिरावर संशय घ्यायचं मन होत नाही. मी तेव्हाच ओळखलं होतं की काट्याचं काहीतरी आहे. तुझी गल्ली मी मागून घेतली ती म्हणूनच. तुला सांभाळायलाही नाही, बुडवायलाही नाही. मला गळती शोधून द्यायची होती. कुणी विश्वास ठेवणार नाही, म्हणून हे मी कधी बोलले नाही. तू ठेवलास तर ठेव.

मग दुकानात काय झालं? माझ्याबरोबर नवा साहेब होता. 'निरीक्षक नातेवाइकांना सोडतात' अशी तक्रार तेव्हा खात्यावर झाली होती. प्रमुख निरीक्षकाच्या जागेची यादी आठ दिवसांवर आली होती आणि त्या यादीत बाई म्हणून मी एकटी. दारात आठ-दहा माणसं जमलेली. मी काट्यावर कागद चिकटवला आणि लोक कुजबुजायला लागले. तू मला म्हणालास, "मोठ्यानं सांग, गुंजे. कुठल्या बाजूला ते सांग."

मी तुझ्याकडे न बघता म्हणाले, "कार्यालयात अर्ज करा, अहवालाची प्रत मिळेल."

करा. मिळेल. स्वतःच्या भावाला.

अहवालात मी खरंच लिहिलं होतं. 'त्रुटी विक्रेत्याच्या तोट्याची.' पण ते फायलीत, आणि फाईल कपाटात. बाजारानं जे ठरवायचं ते ठरवून टाकलं. मला जागा मिळाली. तू आठ महिन्यांनी दुकान आवरून गेलास. मी लोकांना सांगत राहिले की नियम पाळला. नियमात गप्प बसा असं कुठेही लिहिलेलं नव्हतं, दादा. नियमपुस्तक मला तोंडपाठ आहे.

मला सोनं घ्यायचं नव्हतंच. निधी कार्यालयात मी नुसती शेवटची सही करायला गेले होते. भिंतीवर यादी लावलेली होती. उभ्या उभ्या वाचत गेले, एकतिसाव्या नावापाशी थांबले. मग खिडकीवर जाऊन सोन्याचा अर्ज मागितला. कारकुनाला पारड्याचं वगैरे जे सांगितलं ते घरी येताना रिक्षात सुचलं होतं, म्हणजे दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं. हे पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "तुला सोनं नकोय, पत्ता हवाय."

माफ कर असं लिहायला हात धजत नाही. आधी जे करायला हवं ते करते, मग मागते.

गुंज


१४ मार्च

दादा,

बस खाली. पाणी पी. मग वाच, कारण मला हे एका दमात सांगायचं आहे.

सोमवारी मी माझ्याच जुन्या कार्यालयात गेले. खिडकीवर माझ्याच हाताखाली शिकलेली निरीक्षक. मी म्हटलं, बारा वर्षांपूर्वीचा अमुक अहवाल हवा. ती म्हणाली, मॅडम, अर्ज करा, प्रत मिळेल. मी तिच्याकडे बघतच राहिले. शिकवलेलं इतकं पक्कं लागलेलं पाहून अभिमान वाटावा की तोंड लपवावं, कळेना. अर्ज केला, बाकावर बसले. दोन तासांनी प्रत मिळाली. प्रत देताना ती हळूच म्हणाली की हा अहवाल मागायला आजवर कुणीच आलं नव्हतं.

बुधवारी सराफ बाजाराच्या व्यापारी मंडळाची महिन्याची बैठक असते, तुला आठवतच असेल, त्याच वरच्या मजल्यावरच्या खोलीत, त्याच डुगडुगणाऱ्या खुर्च्या. मी न बोलावता गेले. अध्यक्ष म्हणजे तुझ्या समोरचा चष्मेवाला. सोनं विकत नाही, पण गल्लीतला सगळ्यात जुना म्हणून त्याला केलंय. मला बघून सगळ्यांनी आपापले खिसे चाचपले, जुनी सवय. मी म्हटलं, मी तपासायला नाही, वाचून दाखवायला आलेय. आणि अहवाल वाचला. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, माझ्या तपासणीच्या आवाजात. 'त्रुटी विक्रेत्याच्या तोट्याची' हे वाक्य दोनदा वाचलं. मग सांगितलं की हे मला बारा वर्षं माहीत होतं आणि मी बोलले नाही, चूक काट्याची होती आणि त्याहून मोठी माझी.

मी अहवालाची घडी घातली. मग तुझा चष्मेवाला हळूच म्हणाला, "म्हणजे माझ्या बायकोची साखळी जास्त भरली असणार?"

दादा, पुढचं मी ठरवून घडवलेलं नाही. तो उठला, खाली उतरला, घरी गेला, साखळी आणि बायको दोन्ही घेऊन आला. बाजाराच्या कोपऱ्यावर मंडळाचा जो सार्वजनिक काटा आहे, त्यावर साखळी ठेवली. तुझं जुनं बिल तिनं जपून ठेवलेलं होतं. बिलावर वीस ग्रॅम. काट्यावर वीस ग्रॅम आणि शंभर मिलिग्रॅम. बाई आधी काट्याकडे बघते, मग नवऱ्याकडे. म्हणाली, बारा वर्षं तुम्ही मला सांगत होतात की मी फसले.

बातमी पसरायला बाजारात अर्धा तास पुष्कळ होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या काट्यापुढे रांग. बांगड्या, कुड्या, अंगठ्या. एक शिंपी सासूची अंगठी घेऊन आला, ती निघेना म्हणून सासूलाच घेऊन आला. मंडळाचा माणूस वजन वाचतो आणि माणसं बिलाशी ताडून बघतात. ज्याची त्याची वस्तू जास्त! प्रत्येक वजनाला रांगेतून 'हो-हो' असा आवाज. मी बाजूला उभी. एक म्हातारी माझ्या दंडाला धरून म्हणाली, तुझ्या भावाला मी फार बोलले होते बाई, दुकानात उभी राहून बोलले होते, आता कुठे जाऊन निस्तरू? मी तिला पत्ता दिला. मग दुसऱ्यानं मागितला. मग मी तो कागदावर मोठ्या अक्षरात लिहून काट्याशेजारी चिकटवला. एका काट्यावर मी एकदा कागद चिकटवला होता, तो लोकांनी वाचलाच नाही, नुसता पाहिला. हा मात्र सगळे उतरवून घेत होते.

तेव्हा तुझ्याकडे टपाल आलं तर घाबरू नकोस. चष्मेवाल्याचं पत्र लांबलचक असेल आणि त्यात मुख्यतः त्याच्या पचनाविषयी असेल. पण शेवटचा परिच्छेद वाच.

आता मागते. माफ कर, दादा.

गुंज


२३ मार्च

दादा,

चिमणीनं लिहिलंय की एकोणीस पत्रं आली, टपालवाल्यानं विचारलं की घरात कुणाचं लग्न ठरलंय का. लिहिलंय की तू सगळी वाचलीस, चष्मेवाल्याचं पचनही. मग दुकानाच्या पायरीवर जाऊन बसलास, आणि एक गिऱ्हाईक आलं त्याला म्हणालास, आज सुट्टी. चिमणी म्हणते, बाबांनी सुट्टी घेतलेली तिच्या आठवणीत ही पहिलीच.

तू मात्र अजून मला एक ओळ लिहिलेली नाहीस. मी वाट बघत नाही. टपालपेटी दिवसातून चारदा उघडून बघते ती गंज चढलाय का ते पाहायला.

३० तारखेला बिस्किटं तिजोरीत जमा होणार. नियमाप्रमाणे वजन ग्राहकासमोर व्हायला हवं, म्हणून मी हजर राहीन. दुकानातर्फे चिमणी येणार असं तिनं कळवलंय. तिला ओळखेन ना मी? तार काढली असेल आता.

गुंज


५ एप्रिल

दादा,

काल वहिनीचा फोन होता. म्हणाली, तू घरी येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतोयस की तिजोरीत प्रमाणपत्र आधी तू मागितलंस. साफ खोटं आहे. म्हणून घडलेली हकीकत लेखी देते. दुकानात लाव हवी तर.

३० तारखेला सकाळी दहाला मी आणि हे तिजोरीच्या इमारतीत पोचलो. तळघरात उतरायचा जिना, लोखंडी दार, आत पांढऱ्या दिव्यांची खोली, मध्ये टेबल, टेबलावर काटा, काट्यामागे टाय लावलेला अधिकारी. चिमणी आधीच आलेली. उंच, सावळी, हसली की सगळे दात सरळ. ह्यांनी आधी तिच्या दातांकडे पाहिलं आणि समाधानानं मान हलवली. तिनं मला वाकून नमस्कार वगैरे काही केलं नाही, सरळ मिठी मारली आणि कानात म्हणाली, "मागे बघ, आत्या."

मागे दाराशी तू. केस सगळे पांढरे, हातात पेटी, चेहरा असा की जणू वीज बिल भरायला आलायस.

तू माझ्याकडे बघितलं नाहीस. मीही बघितलं नाही. अधिकाऱ्यानं पेटी उघडली, पहिलं बिस्कीट चिमट्यानं उचललं आणि काट्यावर ठेवणार, तेवढ्यात मी म्हणाले, "या काट्याचं तपासणी प्रमाणपत्र दाखवा."

आणि अगदी त्याच वेळी, शब्दाला शब्द लावून, तूही तेच म्हणालास. फार तर 'दाखवा' तुझं आधी संपलं. 'या' माझा आधी सुरू झाला होता. ह्यांची साक्ष आहे.

अधिकारी कधी तुझ्याकडे बघे, कधी माझ्याकडे. म्हणाला, आजवर कुणी मागितलं नाही. भिंतीवरची चौकट काढून आणली. मुदत संपून एक महिना झालेला. चिमणीनं कपाळाला हात लावला आणि हसू आवरायला भिंतीकडे तोंड केलं. अधिकारी म्हणाला, काटा बरोबरच आहे, सह्या करून टाका. तू म्हणालास, नाही. मी म्हणाले, नाही. हे एवढं मात्र एकत्र झालं, हे मान्य.

मग फोन झाले. माझ्या जुन्या कार्यालयातून ती निरीक्षक निघाली, तिला यायला दोन तास. सोनं उघड्यावर सोडून बाहेर जायचं नाही, असा तिजोरीचा नियम. दुकानदार आणि ग्राहक दोघांनी थांबायचं. खोलीत एकच बाक. हे आणि चिमणी लगबगीनं 'आम्ही वर चहा घेतो' म्हणून पसार झाले. अधिकारी वर्तमानपत्रामागे गेला. बाकावर तू, मी, आणि मध्ये सोन्याची पेटी.

किती वेळ कुणी बोललं नाही हे तू लोकांना सांगत नाहीस. मी सांगते, पाऊण तास.

मग मी म्हटलं, "अर्ज का नाही केलास? प्रत दोन तासांत मिळते. बाजारात फिरवली असतीस तर दुकान राहिलं असतं."

तू पेटीकडे बघत म्हणालास, "प्रत नको होती. तू यायला हवी होतीस."

हे वाक्य तू वहिनीला सांगितलं नाहीस, मी विचारून घेतलं. म्हणून इथे लिहून ठेवते. मी रडले, तेही लिहिते. तू खिशातून रुमाल काढलास, तो दागिने पुसायचा निघाला, माझ्या नाकाला पॉलिश लागलं, आणि तू हसलास. आधी खांदे हलले, मग आवाज फुटला. तो हसणारा आवाज मी विसरले असेन अशी मला भीती होती. नव्हते विसरले. अधिकाऱ्यानं वर्तमानपत्र खाली करून पाहिलं आणि पुन्हा वर केलं.

निरीक्षक आली, काटा तपासला. बरोबर होता, अगदी तंतोतंत. दोन तास थांबवल्याबद्दल अधिकाऱ्याला राग यायला हवा होता, पण तोच म्हणाला की आज पहिल्यांदा त्याला स्वतःच्या काट्यावर भरवसा वाटतोय. बिस्किटं भरली तेवढीच भरली, ना केसभर जास्त ना कमी. माझ्या नावावर सोनं झालं आणि मला हात लावायलाही मिळालं नाही. लोखंडी दार लागलं तेव्हा हे म्हणाले, जन्मभराची बचत आत आणि मेहुणा बाहेर, सौदा वाईट नाही.

तू चार दिवस राहिलास. तुझ्या घोरण्याबद्दल शेजारच्यांनी चौकशी केली. ह्यांच्या प्रत्येक पत्त्याच्या डावात तू लबाडी केलीस आणि पकडला गेलास. बाजारात तुला चष्मेवाल्यानं ओढून नेलं तेव्हा मी घरीच थांबले, तो तुझा दिवस होता. येताना तुझ्या हातात सात पिशव्या होत्या आणि तू नुसता म्हणालास, पाय दुखले. पण त्या दिवशी तू दोन वेळा वाढून घेतलंस.

आता कामाचं. चिमणीनं मला विचारलंय की महिन्यातून दोन दिवस येऊन दुकानाचे काटे तपासशील का, आणि तुमच्याकडच्या इतर दुकानांचेही. पगार देते म्हणाली. मी तीन अटी घातल्या. पगार नको, येण्याजाण्याचं तिकीट हवं, आणि जे निघेल ते मी दुकानात उभी राहून मोठ्यानं सांगणार, मालक कुणीही असो. ती म्हणाली, तिसरी अट तिचीच होती.

तर मी येत्या रविवारी पहिल्या बसनं निघतेय. हे पुढच्या महिन्यात येतील, तोपर्यंत त्यांना शेजाऱ्याच्या कवळीचं काम आहे. वहिनीला सांग, गुडघ्याचं तेल आणतेय, आणि माझ्यासाठी काही वेगळं करू नकोस. तिनं वेगळं केलं तर मात्र मी खाईन. दादा, आपली भांडणंही साठली आहेत, बारा वर्षांची. कोण आधी बोललं, कुणी फोन ठेवला, आईची शिवणाची कात्री कुणाकडे आहे. एकेक काढू. घाई नाही, आता मी रिकामीच आहे.

स्टँडवर घ्यायला येऊ नकोस असं लिहिणार होते. पण ये. गर्दीत दिसले नाही तर नावानं हाक मार, चांगली खणखणीत. चार माणसं वळून बघतील. बघू देत.

तुझी,
गुंज